सांबरा ते ओझर, आईसोबत

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. आईला विमानानं नाशिकला मावशीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा पोरांना शिकवायचे तोच हिशेब वहीत मांडला.

बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ १५ अंश ५१ मिनिटांवर, नाशिकचा ओझर विमानतळ २० अंश ७ मिनिटांवर. फरक ४ अंश १६ मिनिटं. अक्षांशाच्या एका अंशाला १११ किलोमीटर धरले की ४७४. ओझर आपल्यापेक्षा जरा पश्चिमेला, ४२ मिनिटं रेखांश. या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ७४. काटकोन त्रिकोण काढला, कर्ण आला सुमारे ४८० किलोमीटर.

पुण्यावरून रस्त्यानं जायचं तर साडेपाचशेच्या आसपास. अंतर फार वाढत नाही, वाढतो तो वेळ. निपाणी, कोगनोळीचा नाका, कोल्हापूर, कऱ्हाड, पुण्यात तासभर, मग नाशिकचा रस्ता. सगळी रात्र बसमध्ये जाते. आई ८४ वर्षांची. बसची पहिली पायरी चढायची तर एकानं वरून हात द्यायचा, दुसऱ्यानं खालून कंबर धरायची. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, पण सहा वर्षं भेट नव्हती. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

वेळापत्रकात विमानाचा वेळ एक तास. छोटं जेट ताशी आठशेच्या वेगानं जातं, मग ४८० किलोमीटरला ३६ मिनिटं पुरायला हवीत. पण तो वेग वर पोचल्यावरचा. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत सावकाश जावं लागतं, आणि हा सगळा वेळ त्या तासातच धरलेला असतो. घर सोडल्यापासून मावशीच्या दारापर्यंत म्हणाल तर आम्हाला साडेचार तास लागले. गांधीनगर, मुतगे करत सांबरा गाठायचा, तासभर आधी पोचायचं, ओझरला उतरून वीसेक किलोमीटर गाडीनं शहरात. मला ते साडेचार तास जराही जड गेले नाहीत.

विमान पन्नास सीटचं. उजवीकडे दोन-दोन खुर्च्या, डावीकडे एक-एकच. आईला डावीकडची मिळाली, खिडकीही तिची आणि वाटही तिची. मांडीवर कुंद्याचा डबा, तो तिनं वर ठेवू दिला नाही. उड्डाणाच्या वेळी मागं टेका म्हणून सांगायला आले, तेव्हा तेवढा माझ्याकडे दिला. उत्तरेला निघालं की कोल्हापूर, सातारा, पुणं सगळं डाव्या हाताला राहतं. ती काचेला कपाळ लावून बघत होती. बऱ्याच वेळानं मला म्हणाली,

"पुणं आलं काय गं?"

"गेलं की आई मागं."

तिनं पदरानं काच पुसली आणि परत वाकून बघितलं.

मावशी फाटकात खुर्ची टाकून बसली होती. "आक्का, एवढ्यात आलीस?" म्हणाली आणि उठायला गेली, तर तिचेही गुडघे धरलेले. शेवटी आईच तिच्यापर्यंत चालत गेली, काठी माझ्या हातात देऊन.