आमची वाटचाल : भांडुपचा गाळा आणि पंचेचाळिशीतले प्रोग्रामर

आमची फर्म सुरू होऊन दहा वर्षांवर होऊन गेली. फर्म छोटी आहे, सात माणसं, भांडुप पश्चिमेला एलबीएस मार्गापासून आत एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा भाड्याचा गाळा, खाली पत्रा कापायचं युनिट आहे त्यामुळे दुपारी फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. काम काय करतो तर लोकांची जुनी सॉफ्टवेअर सांभाळतो, दुरुस्त करतो आणि हळूहळू नव्यावर नेतो. सातपैकी पाच जण पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत. हे आज लिहायला बसले कारण गेल्या वर्षभरात ओळखीतल्या आठ-दहा जणांचे फोन आले, कुणी ४४, कुणी ४७, कुणी पन्नास, सगळे प्रोग्रामर, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई आता पुढे काय करायचं. प्रत्येकाला फोनवर अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी कामाला लागले १९९५ ला, फोर्टमधल्या एका छोट्या कंपनीत. तेव्हा डॉसवरचं फॉक्सप्रो, म्हणजे माहिती साठवण्याचे प्रोग्राम लिहायचं साधन. मशीद बंदर, नागदेवी, काळबादेवी इथल्या व्यापाऱ्यांचं स्टॉक आणि बिलिंग आम्ही लिहून द्यायचो, दुकानातच बसून, डॉट मॅट्रिक्सच्या आवाजात. ९९ साल पूर्ण वायटूकेमध्ये, म्हणजे २००० सालच्या तारखांच्या अडचणीत गेलं, वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असायचे ते शोधून शोधून चार करायचे, एकतीस डिसेंबरची रात्र ऑफिसातच काढली. २००१ ला अंधेरीला सीप्झमध्ये मोठ्या कंपनीत लागले. व्हीबी सिक्स, मग डॉट नेट, मग टीम लीड, मग प्रोजेक्ट मॅनेजर. पगार वाढत गेला, कोड लिहिणं कमी होत गेलं आणि शेवटची सहा वर्षं तर मी फक्त एक्सेल शीट आणि मीटिंग करत होते.

ऑगस्ट २०१४ ला प्रोजेक्ट संपला. महिनाभर बेंचवर, म्हणजे काम न देता बसवलं आणि मग एका दुपारी बोलावून सांगितलं की राजीनामा द्या, तीन महिन्यांचा पगार देतो. वय ४१. राग आला, रडूही आलं, पण मला त्यामागचं गणित माहीत होतं. आपल्याकडची कंपनी परदेशी क्लायंटला माणसाच्या तासावर बिल लावते. खाली भरपूर फ्रेशर, वर मोजके सीनियर असा पिरॅमिड ठेवला की सरासरी खर्च उतरतो आणि मार्जिन सुटतं. मधली पंधरा-वीस वर्षं अनुभवाची माणसं त्यात सगळ्यात महाग पडतात, त्यांचा पगार वाढलेला असतो पण क्लायंट त्यांच्यासाठी त्या प्रमाणात जास्त रेट देत नाही. असे पिरॅमिड मी स्वतः प्रपोजलमध्ये मांडलेले होते. म्हणून जे फोन करतात त्यांना मी आधी हे सांगते की बाबा, तुला काढलं ते तुला काम येत नाही म्हणून असेलच असं नाही, मनाला लावून घेऊन घरात कोंडून बसू नकोस.

पण दुसरी बाजूही सांगते. पुढच्या चार महिन्यांत मी चौदा इंटरव्ह्यू दिले. बऱ्याच ठिकाणी ओव्हरक्वालिफाइड म्हणाले, ते ठीक, पण चार ठिकाणी मला समोर बसून कोड लिहायला सांगितला आणि मला तो धड लिहिता आला नाही. सहा वर्षं हात लावला नव्हता ना. ती चूक माझी. मॅनेजर झालात तरी आठवड्यातून एखादी संध्याकाळ स्वतः काहीतरी लिहा, हे मी कळवळून सांगते.

त्या दिवाळीनंतर एका रात्री मी आणि मिस्टर वही घेऊन बसलो. ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक, पगार लहान पण दर महिन्याला येणारा. मुलगा आठवीत. मुलुंडच्या घराचं नऊ लाख कर्ज बाकी, हप्ता १७,४००. ग्रॅच्युइटी मिळाली, तेरा वर्षांची (तेव्हा दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तोही बेसिक आणि डीएवर, महिना सव्वीस दिवसांचा धरून), त्यातून एका वर्षाचे हप्ते बाजूला काढले आणि ठरवलं की पीएफला हात लावायचा नाही. हा निर्णय मिस्टरांचा आणि तो शंभर टक्के बरोबर होता. आमच्या हातून निसटलं ते मेडिक्लेमचं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सासूबाई होत्या, नोकरी गेली त्या दिवशी ते कव्हर गेलं. त्यांना डायबेटिस, नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला चार वर्षांचं वेटिंग. २०२४ पासून ही मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, पण तीन वर्षंसुद्धा खूप झाली. त्या काळात त्यांना दोनदा अॅडमिट करावं लागलं आणि दोन्ही बिलं आम्ही खिशातून भरली. नोकरी चालू आहे तोवरच घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, हप्ता जड वाटला तरी घ्या.

आणि मग डिसेंबरात नागदेवीहून फोन आला. नटबोल्टचे मोठे व्यापारी, १९९६ मध्ये त्यांचा प्रोग्राम मीच लिहिलेला. आमची ती फोर्टची कंपनी कधीच बंद झाली होती, शेठनी कुठून तरी माझा नंबर मिळवला. म्हणाले, बेन, तुमचा प्रोग्राम नवीन कॉम्प्युटरवर चालूच होत नाय. त्या वर्षी आठ एप्रिलला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला होता, म्हणून त्यांच्या मुलानी सगळी मशिनं बदलली, आणि नवीन विंडोज चौसष्ट बिटची, त्यावर डॉसचे सोळा बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. एका मशिनवर बत्तीस बिटचं विंडोज टाकून त्यांचं काम त्याच दिवशी चालू करून दिलं. साडेतीन हजार रुपये दिले शेठनी, वर दुकानात मला खुर्ची आणि मसाला चहा.

मी सहज विचारलं की अठरा वर्षं तोच प्रोग्राम का, बाजारात इतकी तयार पॅकेजेस आहेत. तर म्हणाले दोन घेऊन बघितली, दोन्ही टाकून दिली. कारण असं की बोल्ट कारखान्यातून किलोवर येतो, विकताना कुणाला नगावर जातो, स्क्रू ग्रोसवर, म्हणजे १४४ नग. स्टॉक जुळवायचा तर प्रत्येक साइजच्या शंभर नगांचं वजन माहीत पाहिजे, आणि तेही पक्कं नसतं, झिंक प्लेटिंग जाड-पातळ झालं तरी थोडं हलतं. म्हणून १९९६ ला त्या दुकानात तीन आठवडे उभं राहून मी कोडमध्ये एक ओळ घातली होती, दोन टक्क्यांपर्यंतचा फरक न विचारता घट खात्याला टाकायचा, त्याच्या वर गेला तरच थांबून मालकाला विचारायचं. ती ओळ नसलेल्या पॅकेजमध्ये रोज संध्याकाळी स्टॉक चुकायचा आणि मुनीम वैतागायचा. शेठनी त्यांच्या लाइनमधले आणखी तीन व्यापारी सांगितले, तेही तसेच जुन्या प्रोग्रामवर अडकलेले. जानेवारी २०१५ मध्ये फर्म रजिस्टर केली.

पहिली दोन वर्षं ओढाताणीचीच होती, त्यात नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर चार महिने व्यापाऱ्यांकडून पैसाच येईना. खरं बळ आलं ते जीएसटीनी. १ जुलै २०१७, शनिवार होता. व्हॅट गेला, एक्साइज गेली, आमच्या मुलुंड चेकनाक्यावरची जकात गेली, आणि बिलावर एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा, केंद्राचा सीजीएसटी, राज्याचा एसजीएसटी, बाहेरच्या राज्यात आयजीएसटी. ज्यांचे जुने प्रोग्राम होते त्यांना कुणी वालीच नव्हता, लिहिणारी पोरं कुठल्या कुठे गेलेली आणि फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही हे मायक्रोसॉफ्टनी २००७ लाच सांगून टाकलं होतं. जूनच्या एका महिन्यात आम्ही एकोणीस गिऱ्हाइकांचे प्रोग्राम बदलले. एकटीनी शक्य नव्हतं, तेव्हाच आमचे पहिले दोन सहकारी आले. एक दादा ४९ वर्षांचे, आयुष्यभर बँकांसाठी कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत काम केलेलं, नोकरी जाऊन वर्ष झालेलं. दुसऱ्या ताई ४६ च्या, आईच्या आजारपणात नऊ वर्षं घरी होत्या आणि कुणी इंटरव्ह्यूलासुद्धा बोलवत नव्हतं.

पगार आम्ही मोठ्या कंपनीइतका देऊ शकत नाही, निम्माही नाही कधी कधी, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते. ज्यांची मुलं बारावीत आहेत, कर्ज चाळीस लाखांचं आहे, त्यांना मी आमच्याकडे या म्हणत नाही, त्यांना मी म्हणते मिळेल ती मोठी नोकरी चार वर्षं धरून ठेवा, कर्ज उतरवा. वय वाढल्यावर काय निवडायचं हे निम्मं कौशल्यावर आणि निम्मं हप्त्यावर ठरतं. आणि सगळ्यांना आमचं काम जमतंच असंही नाही. एक गृहस्थ पाच महिन्यांत सोडून गेले, चांगला माणूस, पण दहा वर्षं चाळीस जणांची टीम सांभाळल्यावर परत स्वतः बग शोधणं, गिऱ्हाइकाच्या पोटमाळ्यावर चढून प्रिंटरची केबल बघणं त्यांना सहन होईना. आता ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि तिथे खुश आहेत, मला त्यांच्याविषयी आदरच आहे.

मला सगळ्यात अभिमान वाटतो त्या कामाचा म्हणजे लालबागच्या एका पतसंस्थेचं. चौदा हजार सभासदांची नावं-पत्ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेले, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकसारख्या अक्षर-कोडच्या आधीचे. स्क्रीनवर अक्षर मराठी दिसतं पण आत साठलेले असतात भलतेच कोड, फॉन्ट काढला की सगळा कचरा. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, कारण त्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. 'किरण' मधली वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये क आधी. 'सूर्य' मधला रफार तिथे य च्या नंतर, युनिकोडमध्ये र आणि हलन्त य च्या आधी. त्यात एकाच यादीत दोन वेगळे फॉन्ट वापरलेले निघाले. आमच्या कोबोलवाल्या दादांनी हे सगळे नियम वहीत हातानी लिहून काढले, मग प्रोग्राम केला, आणि तरी जी तीनशेच्या आसपास नावं अडली ती संस्थेच्या जुन्या क्लार्क बाईंसोबत बसून एकेक वाचली. ५२ वर्षांचे होते तेव्हा दादा. तीन आठवड्यांत एकदाही चिडले नाहीत.

लॉकडाऊनमध्ये घरून काम केलं, दोन गिऱ्हाइकं कायमची बंद झाली, त्यावर जास्त लिहीत नाही. पैशाच्या वसुलीविषयी मात्र छोट्या फर्मवाल्यांसाठी सांगते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. कायद्यानी सूक्ष्म-लघु उद्योगाला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून मुदतीत दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हे बिलाच्या तळाला दोन ओळीत छापायला लागल्यापासून आमची थकबाकी खूपच कमी झाली.

२०२५ मध्ये २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, घटस्थापनेचा दिवस. आमचे काही औषधांचे वितरक आहेत, त्यांची बरीच औषधं बारावरून पाच टक्क्यांवर आली. बाकीच्यांकडे धावपळ होती, आमच्याकडे एका टेबलात नवी तारीख आणि नवा दर टाकायचा होता, कारण २०१७ पासून आम्ही दर कधीच पुसून बदलत नाही, कुठल्या तारखेपासून कुठला दर हे साठवतो. ऑगस्टला विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दरानी निघायला हवी ना. हे ज्यानी व्हॅट बघितला, जीएसटी बघितला, त्याच्या हातून आपोआप लिहिलं जातं.

एआयचं सगळेच विचारतात. आम्ही रोज वापरतो. २०२३ ला आमच्याकडे एक २३ वर्षांची मुलगी लागली, तिनी आम्हा सगळ्यांना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन शिकवलं आणि एआयही तिनीच आणलं. चार हजार ओळींचा जुना कोड काय करतो हे समजायला आधी आठवडा जायचा, आता दुपारपर्यंत कळतं, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही रोज नवीन काहीतरी येतंय याचा मला मनापासून आनंद होतो. पण नागदेवीचा प्रोग्राम नव्यावर नेताना एआयनी ती दोन टक्क्यांची ओळ चूक म्हणून दाखवली आणि काढून टाकलेला कोड दिला. वाचायला अगदी स्वच्छ, आणि दुकानात पहिल्याच संध्याकाळी स्टॉक चुकला असता. ती मुलगी मला विचारायला आली म्हणून ओळ वाचली. तिनी विचारलं हे मोठं, आणि विचारायला कुणीतरी बसलेलं होतं हेही.

तेव्हापासून नव्या माणसाला मी तोच कोड देते, चार पानांची प्रिंट, कॉम्प्युटर नाही, पेन्सिल आणि अर्धा तास. गेल्या गुरुवारी कल्याणहून एक जण आले, वय ५१, सात महिने घरी. शांतपणे चारही पानं वाचली, त्या ओळीभोवती गोल केला आणि विचारलं, हे दोन टक्के कुणी ठरवले, आणि दुकानात वजनकाटा कुठला आहे? सोमवारपासून येतायत. गर्दी टाळायला साडेअकराची वेळ दिली आहे, फक्त पहिल्या दिवशी सकाळी दहाला मशीद स्टेशनवर भेटायचं ठरलंय, नागदेवीला काटा बघायला जायचंय.