साहेब, अण्णा आणि चिखलातलं सोनं

चिपळूणच्या पुरावर बरंच लिहून झालंय, मी फक्त आमच्या पतसंस्थेत काय झालं तेवढं सांगतो, कारण संकटाच्या वेळी कडक बॉस बरा की सगळ्यांना विचारणारा बरा असं कोणी विचारलं की मला अजूनही धड उत्तर देता येत नाही.

२१ जुलै २०२१, बकरी ईदची सुट्टी. पाऊस दिवसभर बदाबदा, पौर्णिमा तीन दिवसांवर म्हणजे खाडीला उधाण, मग वाशिष्ठी नदीचं पाणी उतरणार कुठे? तरी बाजारपेठेत सगळे निवांत. प्रत्येकाच्या डोक्यात २६ जुलै २००५ च्या पुराची खूण, त्याच्या वर पाणी येत नाही हा आम्हा चिपळूणकरांचा ठाम हिशोब. मी घरी भजी खात होतो आणि सातला मॅनेजर साहेबांचा फोन, "चावी घे आणि ये. का ते विचारू नको." तिजोरीला दोन चाव्या, एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. साहेब सुट्टीच्या दिवशी खेडहून गाडी मारत आले होते. मनातल्या मनात शिव्या घालत सर्व्हर, कॉम्प्युटर, खतावण्या, कर्जाच्या फायली सगळं माडीवर चढवलं. कोणी "साहेब एवढं कशाला" म्हणालं की एकच उत्तर, "उचल."

राहिलं सोनेतारण. ते हलवायचं तर संचालकांची परवानगी हवी, म्हणून चेअरमनना, म्हणजे अण्णांना फोन लावला. अण्णा पडले सगळ्यांना विचारून करणारे. त्यांनी एकेका संचालकाला फोन केला, एक म्हणाला २००५ ला पण तिजोरी सुकी होती, दुसरा म्हणाला रात्री सोनं बाहेर काढणं जास्त धोक्याचं, आणि असं करत करत अकराला निरोप आला, सकाळी बघू. साहेबांनी फोन जवळजवळ आपटलाच आणि ते खेडला गेले.

सकाळी काय बघायचं होतं ते गच्चीवरून बघितलं. पाणी २००५ च्या वर कधी गेलं ते अंधारात कळलंच नाही.

२४ ला आम्ही चौघं शटरसमोर उभे. गुडघाभर चिखल, मोबाईलला रेंज नाही, वाशिष्ठीचा पूल खचलेला त्यामुळे साहेब पलीकडे अडकलेले. आणि खोटं कशाला बोलू, तासभर आम्ही नुसतेच उभे होतो! सहा वर्षं साहेबांना विचारल्याशिवाय इथे झाडूसुद्धा विकत घेतला नव्हता, शटर उघडायची हिंमत करणार कोण. नंतर एका ट्रेनिंगमध्ये कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या १९३९ च्या प्रयोगाबद्दल ऐकलं, लहान मुलांचे गट केले होते, हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम थांबायचं, विचारून करणाऱ्याच्या गटाचं चालू राहायचं. मला तर तिथे हातात फावडं घेतलेले आम्हीच दिसलो.

तेवढ्यात लेंगा वर खोचून अण्णा आले आणि म्हणाले, "बोला, कुठून सुरू करूया?" आमचे शिपाई मामा, ज्यांना मीटिंगमध्ये कोणी कधी विचारलं नव्हतं, ते म्हणाले, ओला आहे तोवर चिखल ओढा, सुकला की दगड होतो. झालं, सुरू.

सोमवारी साहेब पोचले आणि पहिली ऑर्डर, सभासदांशी कोणी बोलायचं नाही, शटर अर्धं खाली. इथे मात्र साहेब चुकले. आधीच बाजारात बोभाटा झालेला की सोनं वाहून गेलं, त्यात अर्धं शटर, बघता बघता रस्ता भरला, बायका रडायला लागल्या. अण्णांनी प्लास्टिकची खुर्ची रस्त्यात टाकली. "तिजोरी जाग्यावर आहे. आत पाणी शिरलं असणार. किती, ते मला माहीत नाही. उद्या अकराला तुमच्यातल्या चौघांसमोर उघडतो." एवढंच बोलले, पण अर्धी गर्दी घरी गेली.

उघडली तर पुड्या जाग्यावर, पण चिठ्ठ्यांवरची शाई पार धुऊन गेलेली. कोणाचं कुठलं? मग माडीवरचा तो सर्व्हर कामाला आला, ज्याच्यासाठी मी साहेबांना शिव्या घातल्या होत्या, त्यात प्रत्येक डागिन्याचं वजन मिलिग्रॅमपर्यंत. साहेब आकडे वाचायचे, सोनार तोलायचा, अण्णा बाहेर एकेकाला हाक मारायचे. तीन दिवस दोघं एका टेबलावर, आणि त्या रात्रीच्या फोनचा विषय दोघांनीही काढला नाही.

एका आजींची मोहनमाळ काही केल्या जुळेना, वजन जास्तच भरत होतं. सोनाराने रिठ्याच्या पाण्यात घातली तर मण्यांतून वाशिष्ठीचा गाळ निघाला. आजी सगळं बघत होत्या, साहेबांना म्हणाल्या, "वजन वाढला म्हणून याज पण वाढवताव काय रे?" साहेबांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.