भिंतीपलीकडचा आवाज

अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेल्याची बातमी आपल्याकडे १६ जानेवारी २०२५ च्या रात्री उशिरा येऊन पोहोचली. २० जानेवारीला त्याला ७९ वर्षे पूर्ण झाली असती. पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या रांगांमध्ये उभे राहून ज्यांची ओळख झाली असे आम्ही पाच-सहा जण त्या दिवशी संध्याकाळी फोंड्यातल्या एका मित्राच्या घरी जमलो. शोकसभेसारखे काही करायचे नाही, आठवड्याला एक याप्रमाणे त्याचे चित्रपट पुन्हा पाहायचे, एवढेच ठरले. अट एकच होती आणि ती मी घातली होती: टीव्हीतले स्पीकर वापरायचे नाहीत, आवाजाची नीट व्यवस्था करायची.

या अटीमागे एक लाजिरवाणी आठवण आहे. कॉलेजात असताना मी ‘इरेझरहेड’ लॅपटॉपवर, एक कान बंद पडलेला इयरफोन लावून पाहिला होता आणि अर्ध्यावर सोडून दिला होता. केस उभे असलेला एक घाबरट माणूस, रडणारे एक विद्रूप मूल आणि रेडिएटरमध्ये राहणारी बाई, यापलीकडे माझ्या पदरात काही पडले नव्हते.

या वेळी दिवे मालवून तो सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला माझे घर आठवले. माझे बालपण डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठावरच्या एका गावात गेले. नदीवर बार्जांमध्ये खनिज माल भरण्याचे काम रात्रभर चाले. पट्ट्यांवरून सरकणारा माल, बार्जांची इंजिने आणि दूरच्या रस्त्यावरचे ट्रक यांचा मिळून असा एक जाड घुमारा तयार होई की तो कानांपेक्षा छातीत आणि खिडकीच्या गजांत अधिक जाणवे. त्याची आम्हाला इतकी सवय होती की पावसाळ्यात बार्जा थांबल्या म्हणजे शांततेने जाग येई. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा गावातली वृद्ध माणसे कित्येक रात्री झोपली नाहीत. पोटाची काळजी हे त्याचे मुख्य कारण होते यात शंका नाही, पण ते एकच कारण होते असे मला वाटत नाही.

‘इरेझरहेड’मध्ये हाच घुमारा आहे. लिंच मूळचा चित्रकार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो फिलाडेल्फियात चित्रकला शिकला, कारखान्यांच्या आणि काजळीच्या शेजारात राहिला, आणि हा चित्रपट त्या शहरातूनच आला असे तो नेहमी सांगत असे. चित्रीकरण १९७२ साली सुरू झाले आणि पैशांअभावी इतके रेंगाळले की चित्रपट लोकांसमोर यायला १९७७ साल उजाडले. मधल्या काळात तो वर्तमानपत्रे टाकून गुजराण करत होता. ध्वनीचे काम त्याने ऍलन स्प्लेट या साथीदाराबरोबर अतिशय चिकाटीने केले. परिणामी पडद्यावर नुसती रिकामी खोली असली तरी भिंतीपलीकडे एखादे अवाढव्य यंत्र अव्याहत चालू आहे, ही जाणीव प्रेक्षकाला क्षणभरही सोडत नाही.

लिंचला केवळ ‘विचित्र’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी त्याचे चित्रपट पाहिले असतील, पण ऐकलेले नाहीत, असे माझे मत त्या रात्री झाले. ‘ब्लू व्हेल्व्हेट’ची (१९८६) सुरुवात आठवून पाहा. कॅमेरा हिरवळीच्या खाली उतरतो आणि किड्यांचा कुरतडण्याचा आवाज वाढत जातो. पुढे नायकाला गवतात काय सापडते, तर कापलेला कान. कॅमेरा त्या कानातच शिरतो. याहून स्पष्ट सूचना दिग्दर्शकाने आणखी कोणती द्यायची?

‘द एलिफंट मॅन’वर सर्वांचे एकमत झाले, ‘ड्यून’ आम्ही कर्तव्यबुद्धीने संपवला. ‘ट्विन पीक्स’ या त्याच्या टीव्ही मालिकेतल्या लाल पडद्यांच्या खोलीत मात्र आम्ही अडकलो. तिथली माणसे ज्या चमत्कारिक लयीत बोलतात ती मिळवण्यासाठी नटांकडून संवाद उलटे म्हणवून घेतले होते आणि मग ते ध्वनिचित्रण उलटे फिरवले होते. त्यामुळे शब्द सुलटे होतात, पण श्वास आणि आघात चुकीच्या जागी पडतात. भाषा आपलीच असून बोलणारा आपल्यातला नाही, ही भीती एवढ्या साध्या युक्तीने निर्माण होते. आमच्यातला एक जण दर वेळी ‘पण याचा अर्थ काय?’ असे विचारी. लिंचने स्वतः आयुष्यभर याचे उत्तर द्यायला नकार दिला, हे सांगूनही त्याचे समाधान होत नसे.

‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या (२००१) दिवशी यजमान मित्राची आजी आमच्यात येऊन बसली. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या या आजीला इंग्रजी फारसे येत नाही, त्यामुळे ती निम्म्याहून अधिक वेळ डुलक्या घेत होती. मध्यरात्रीच्या ‘सिलेन्सियो’ क्लबच्या प्रसंगात निवेदक स्पॅनिशमध्ये बजावतो की इथे बँड नाही, सारे ध्वनिमुद्रित आहे. मग एक गायिका येते, काळीज पिळवटून टाकणारे गाणे म्हणते, मध्येच कोसळते, आणि गाणे चालूच राहते. निवेदकाचे स्पॅनिश आजीला तिच्या पोर्तुगीजमुळे बरोबर कळले. ती शांतपणे म्हणाली, “बँड ना, तरी वाजता.” अर्थ विचारणारा मित्र त्यानंतर त्या रात्री काही बोलला नाही.

‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) आम्ही क्रम मोडून सर्वांत शेवटी ठेवला होता. आजारी भावाला भेटण्यासाठी गवत कापण्याच्या यंत्रावर बसून आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे २४० मैल जाणाऱ्या आल्विन स्ट्रेट या म्हाताऱ्याची ही कथा खरी घडलेली आहे. त्यात दुःस्वप्ने नाहीत, रक्त नाही, भिंतीपलीकडचा घुमारा नाही. आहे ती फक्त त्या यंत्राची संथ फटफट. मुक्कामाला पोहोचल्यावर दोघे भाऊ ओसरीवर बसतात, मोजकी दोन वाक्ये बोलतात आणि मग काहीच बोलत नाहीत. आवाज गेला असे वाटून यजमान मित्राने रिमोट उचलला, आकडा पाहिला आणि तो पुन्हा खाली ठेवला.