अर्धी भिंत फवाऱ्याची, अर्धी रोलरची

रंगाचं काम एकाच घराचं होतं, पण माझ्या लेखी ती दोन घरं होती. वरचा मजला नुकताच बांधून झालेला, पूर्ण रिकामा. भिंतीवर बटणंसुद्धा बसलेली नव्हती. खाली मात्र भरलेला संसार: कपाटं, पुस्तकं, पडदे, लहान मुलाची खेळणी. घरच्यांना एकच उत्तर हवं होतं. मशीनने मारणार की रोलरने? काय ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच करा.

त्यावरून घरात आधीच दोन तट पडले होते. मुलाने स्प्रे मशीनचे व्हिडिओ बघून ठेवलेले. अख्खी खोली बघता बघता पांढरी होताना दिसली की कुणालाही भुरळ पडते. वडिलांचा, म्हणजे काकांचा, त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "फवाऱ्याचा रंग म्हणजे पाणी. आज दिसतो, उद्या उडतो," हे त्यांचं पालुपद. रंगाच्या छटेवरून घराघरांत होणारी भांडणं मला सवयीची आहेत. अवजारावरून बापलेकांचं वाजलेलं मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. साध्या कॉम्प्रेसरच्या गनमधून भिंतीचा घट्ट रंग नीट उडत नाही, म्हणून काही जण त्यात सढळ हाताने पाणी ओततात आणि मग थर खरोखरच पातळ बसतो. माझं मशीन एअरलेस. त्यात हवेचं काम नाही. पंप थेट रंगालाच दाबतो, 2000 ते 3000 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्रातून सुटताना रंग फुटून त्याचा फवारा होतो. इमल्शन गाळून घेतलं की बहुतेक वेळा पाणी घालावं लागतच नाही, लागलं तर थोडंसंच. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी म्हटलं, वरच्या मोठ्या खोलीची लांब भिंत घेऊ. पुट्टी झालीय, प्रायमर झालाय. डावी अर्धी मशीनने, उजवी अर्धी रोलरने, रंग एकाच डब्यातला. मग बघा आणि बोला.

मुलाने वेळ मोजायला मोबाइल काढला. मी म्हणालो, "घड्याळ टेप लावायला घेऊ तेव्हापासून लावा." खिडकीची चौकट, वीजपेट्यांची तोंडं, छताची कड, शेजारची भिंत, खाली जमिनीवर प्लास्टिक. हे सगळं झाकून होईपर्यंत पलीकडे माझ्या जुन्या रंगाऱ्याने ब्रशने कडा काढून रोलरचा पहिला हात निम्म्यावर आणला होता. मग मशीन सुरू झालं आणि डावी बाजू चहा गाळावा तितक्या वेळात संपली. तरीही एकूण हिशेबात रोलरवाला आधी मोकळा झाला. एकट्या भिंतीला असंच होणार. पूर्ण मजल्याच्या भिंती आणि छतं एकाच रंगात करायची असली, तर झाकाझाक त्यामानाने थोडी आणि मारायचं क्षेत्र प्रचंड. तिथे मशीनची बरोबरी नाही.

मुलाला गनवरच्या टिपचा, म्हणजे रंग सुटतो त्या तोंडाचा, नंबर विचारायचा होता. मी 517 लावली होती. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे 10 इंच, ही भिंतीपासून फूटभर अंतरावर पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी. पुढचे 17 म्हणजे छिद्र इंचाच्या 17 सहस्रांश. गन भिंतीला समांतर न्यायची, मनगट फिरवायचं नाही. मनगट फिरलं की मधे जाड आणि टोकांना पातळ थर पडतो. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. व्हिडिओत हात किती वेगाने जातो तेवढं दिसतं, हे कळत नाही.

काकांचा मुद्दा मी मोजूनच मिटवला. ओल्या रंगाची जाडी मोजायची एक छोटी दातेरी पट्टी मिळते. ती ताज्या रंगात टेकवायची आणि कोणत्या दातापर्यंत रंग लागला ते बघायचं. दोन्ही बाजूंना काकांच्याच हाताने टेकवली. फवाऱ्याच्या बाजूला एक दात जास्तच भिजला. काकांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा टेकवली. तेच. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर 'पाणी' हा शब्द निघाला नाही.

रंगाच्या दुसऱ्या हाताच्या वेळी तो प्रकार घडला, ज्यामुळे हा दिवस माझ्या लक्षात राहिला. गन आमच्याकडच्या नव्या पोराच्या हातात होती, मी मागे उभा. मधेच पट्टा फाटला. मधला भाग विरळ आणि वरखाली दोन जाड शेपट्या. टिपमध्ये कण अडकला की असं होतं. पोराने गन स्वतःकडे वळवली आणि डाव्या हाताचा अंगठा टिप पुसायला पुढे केला. उजव्या हाताचं बोट अजून घोड्यावरच होतं.

मी ओरडलो. इतक्या जोरात की खालून घरातल्या ताई धावत वर आल्या. पोरगा जागीच थिजला. मी गन त्याच्या हातातून घेतली आणि आधी तिचं लॉक लावलं.

या दाबाचा रंग हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार आत शिरतो. बाहेरून सुई टोचल्यासारखं बारीक भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस पट्टी बांधून कामाला लागतो. आत मात्र रंग बोटभर पसरलेला असतो आणि पुढे बोट कापायची वेळ येऊ शकते. असं झालं तर तडक रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की साधी जखम नाही, दाबाखालचा रंग आत गेलाय. हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. पोराला आधीही सांगितलं होतंच, पण कानांवर पडणं वेगळं. मग त्याच्याकडूनच करून घेतलं: टिप उलटी फिरवायची, बादलीत एक फवारा सोडायचा, कण निघून जातो. नाही निघाला तर मशीन बंद, दाब पूर्ण सोडायचा आणि मगच टिप काढायची. तो कण म्हणजे डब्याच्या काठावर सुकलेल्या रंगाची साल होती, नखाएवढीही नाही.

मशीन चालू असताना घरातलं कुणी वर येणार नाही, हे तेव्हाच ठरलं. मुलाला स्वतः गन धरून बघायची होती, तो विषयही त्याने आपणहून सोडला.

संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन भिंतीला घासून आत आलं. दुपारी फवाऱ्याची बाजू जास्त देखणी दिसत होती, एकदम सपाट. आता त्याच सपाटपणाने घात केला. पुट्टीचा प्रत्येक उंचवटा, पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या कडेने राहिलेली प्रत्येक रेघ उजेडात उठून आली. रोलरची बाजू तीच पुट्टी, तेच हात, पण रोलरच्या बारीक दाण्यात सगळं पोटात गेलं होतं. मुलगा बराच वेळ भिंतीला गाल लावून बघत उभा होता. म्हणाला, "म्हणजे मशीनला भिंत आधीच चांगली लागते." मला यावर काही भर घालावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर खरी परीक्षा घेतली. दोन्ही बाजूंना पत्र्याने एकेक ओरखडा काढला, पुट्टी भरली, घासली, प्रायमर लावला आणि छोट्या रोलरने त्याच डब्यातला रंग लावला. उजवीकडचं ठिकाण वाळल्यावर शोधावं लागत होतं. डावीकडे तळहाताएवढं ठिगळ लांबूनही दिसत होतं, कारण रंग तोच असला तरी पोत वेगळा. आता खालच्या मजल्याचा विचार करा. लहान मूल, सरकणारी कपाटं, दर सणाला नवा खिळा. तिथे भिंतीला ठिगळं लागणारच, आणि प्रत्येक ठिगळासाठी मशीन कोण काढणार?

त्यावर खालच्या मजल्याचा वाद संपला. तिथे सगळं रोलरने. सामान खोलीच्या मधे ओढून वर चादर टाकली की काम होतं. फवाऱ्याला प्रत्येक पुस्तकाची फट झाकावी लागली असती, कारण ते धुकं कपाटाच्या मागेही पोहोचतं.

वर मात्र मशीन. पण फवारून लगेच, रंग ओला असतानाच, मागून एकाने कोरडा नव्हे तर रंगात भिजवलेला रोलर फिरवत जायचं. जिन्याच्या खडबडीत गिलाव्यावर याची गरज आधी दिसली. फवारा एका बाजूने येतो, त्यामुळे दाण्यांच्या पाठीमागे पांढरे ठिपके राहिले होते. रोलरने रंग त्या खाचांत दाबला आणि भिंतीला तो दाणाही मिळाला. वेग मशीनचा आणि पोत रोलरचा. यात एक माणूस जास्त लागतो, तो खर्च मी आधीच सांगून टाकला.

बाहेरच्या भिंतींचं ठरवायला वेळ लागला नाही. वारा होता आणि शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. जाड केसांचा, 18 मिलिमीटरचा रोलर घेतला आणि पहाड, म्हणजे परांची, चढायला सुरुवात केली.

राहिली पट्ट्यापट्ट्यांची लाकडी दारं. ती बिजागऱ्यांतून काढून वरच्या रिकाम्या खोलीत बारीक टिपने मारली. ब्रशने प्रत्येक पट्टीच्या खाली ओघळ आले असते. लोखंडी जाळीला मात्र ब्रशच. फवारा मारला तर बराचसा रंग आरपार हवेत जातो.

शेवटच्या दिवशी मशीन धुऊन, गुंडाळून ठेवलं होतं, तेव्हा काका एक जुनी वेताची खुर्ची घेऊन आले. "मशीन आहेच, तर हिच्यावर पण एक हात मारून द्या." पंधरा मीटरच्या पाइपातच सुमारे अर्धा लिटर रंग राहतो, शिवाय मारून झाल्यावर पुन्हा स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं धुवायचं. मी म्हटलं, "काका, खुर्चीला ब्रश."

"बघा," ते मुलाला म्हणाले, "मी आधीपासून हेच सांगत होतो."