मानाचे पाच गणपती: एका सकाळी, पायी, क्रमाने

गणेशोत्सवात पुण्याचे मानाचे पाच गणपती, म्हणजे विसर्जन मिरवणुकीत पुढे राहण्याचा मान असलेले पाच, संध्याकाळी बघायला निघालात तर दोनच्या वर क्वचित होतात. तेच सकाळी सात-साडेसातला निघालात तर साडेदहाच्या आत पाचही निवांत होतात. अंतर सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर. मानाचा क्रम आणि रस्त्याचा क्रम जवळजवळ एकच असल्याने मागे वळायला लागत नाही.

दिवस मात्र नीट निवडा. पहिल्या दिवशी सकाळी मिरवणुका चालू असतात आणि प्राणप्रतिष्ठा दुपारच्या सुमारास होते, त्यामुळे मांडव रिकामा सापडतो. दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर पहाटे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. ते ऐकायचं असेल तर जरूर जा, पण त्या सकाळी शिवाजी रस्ता तुडुंब असतो, पाच गणपतींचा बेत त्याच दिवशी धरू नका. अनंत चतुर्दशीला सकाळपासूनच विसर्जन मिरवणूक. शनिवार-रविवार वगळून मधला कुठलाही दिवस उत्तम.

गाडी आणूच नका. पेठांत लावायला जागा मिळत नाही आणि रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा. पहिला मान ग्रामदैवत कसबा गणपतीचा. उत्सवाची मूर्ती मंडळाच्या मांडवात असते आणि जुनं मंदिर जवळच आहे. बरेच जण मांडवातूनच परत फिरतात. तसं करू नका, मंदिरातला शेंदरी तांदळा, म्हणजे न घडवलेल्या दगडाची मूर्ती, बघितल्याशिवाय कसबा पूर्ण होत नाही. दूर्वांच्या पाच जुड्या इथेच घ्या. मंडई वाटेत फार उशिरा लागते.

तिथून बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळ तांबडी जोगेश्वरी, दुसरा मान. वाटेत भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीसाठी दहा मिनिटं काढा. तो मानाच्या पाचांत नाही, पण राक्षसाशी लढणारी ती जुनी मूर्ती माझ्या मते अख्ख्या उत्सवातली सर्वांत वेगळी आहे. जोगेश्वरीला आधी देवीचं दर्शन, मग गणपतीचं. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे सकाळी लवकर येण्याचा खरा फायदा इथे कळतो.

तिसरा गुरुजी तालीम, लक्ष्मी रस्त्यावर गणपती चौकाजवळ. हा उत्सव १८८७ सालचा, म्हणजे टिळकांनी सार्वजनिक उत्सवाची हाक देण्याच्याही आधीचा. शिंदे आणि नालबन, एक हिंदू आणि एक मुसलमान घराणं, यांनी मिळून तो सुरू केला. मुलं बरोबर असतील तर मांडवासमोर उभं राहून त्यांना हे नक्की सांगा.

चौथा तुळशीबाग. भव्य मूर्ती फायबरची आहे, जवळून बघण्यापेक्षा चार पावलं मागे सरकून बघा, दागिने आणि चेहरा एकत्र दिसतात. बाजाराची दुकानं उघडायच्या आत इथून निघायला हवं. एकदा खरेदीची गर्दी सुरू झाली की बाहेर पडायलाच अर्धा तास जातो, आणि बरोबरची माणसं बांगड्यांपाशी थांबली की पाचवा गणपती राहतो!

पाचवा केसरीवाडा, नारायण पेठेत. हा टप्पा सगळ्यांत लांब, पंधरा मिनिटांची चाल. इथे झगमगाट नसतो. वाड्याचं मोकळं आवार, साधी सजावट, आणि शांतपणे बसता येईल अशी जागा. टिळकांचं संग्रहालयही इथेच आहे.

भाद्रपदात पाऊस कधीही येतो. गर्दीत छत्री इतरांच्या डोळ्यांत जाते, म्हणून रेनकोट घ्या. चपला सहज निघणाऱ्या घाला, पाच ठिकाणी लेस सोडत बसणं जमत नाही. पैसे आणि फोन पुढच्या खिशात. घरातलं कुणी म्हातारं असेल तर कसबा आणि जोगेश्वरी एवढंच करा आणि रिक्षाने थेट केसरीवाड्याला न्या.

देखावे आणि रोषणाई हा वेगळा बेत. तो गौरी विसर्जनानंतर, रात्री, मंडई मेट्रो स्टेशनपासून सुरू करा. मंडईचा शारदा-गजानन आधी बघा.

सकाळच्या फेरीनंतर भूक लागतेच. केसरीवाड्यापासून मुंजाबाचा बोळ जवळ आहे, तिथे बेडेकरांची मिसळ. ती थोडी गोडसर असते, झणझणीत हवी असणाऱ्यांनी तिखट रस्सा मागून घ्यावा. परतीला अलका चौकातून लकडी पुलावरून डेक्कन मेट्रो स्टेशन गाठता येतं.