सात रस्त्यावर बसलेला डायनासोर

एक काळा फासा आमच्या हौदात पडला, तिथपासून सांगतो.

सोलापूरचा मे महिना, दुपारचे तीन, पारा 43 च्या पुढं. पुण्याहून भाचा आलेला. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि 'किंग ऑफ टोकियो' या पटावरच्या खेळाचं खोकं मोठं. मागच्या पडवीतली फरशी त्यातल्या त्यात गार, म्हणून तिथं डाव मांडला. नळाला पाणी यायचा दिवस होता, हौदाचं झाकण उघडं. भाच्यानं सहा फासे असे भिरकावले की पाच फरशीवर राहिले आणि सहावा उंबऱ्याला आपटून थेट डुबुक.

"का बे, पुण्यात असंच खेळता का?" मी म्हणालो. तो रडायच्या बेतात.

खोक्यात दोन हिरवे फासेही असतात. पण ते 'जादा डोकं' हे कार्ड मिळालेल्यालाच, असं त्यानं डोळे पुसत ठणकावलं. नियमाचा पक्का. मग आईनं देव्हाऱ्याखालच्या डब्यातून लुडोचा पांढरा फासा काढला. या खेळाच्या फाशावर एक, दोन, तीन हे आकडे, शिवाय पंजा, बदाम आणि वीज. म्हणजे लुडोचे एक ते तीन जसेच्या तसे; चार म्हणजे पंजा, पाच म्हणजे बदाम, सहा म्हणजे वीज. भागलं.

खेळ असा: प्रत्येक जण एक अगडबंब राक्षस. प्रत्येकाला दहा जीव. वीस गुण आधी करणारा जिंकतो, नाहीतर सगळ्यांना मारून उरणारा. फासे तीनदा टाकता येतात, हवे ते ठेवून बाकीचे पुन्हा. तीन तिऱ्या पडल्या तर तीन गुण, वर आणखी एक तिरी आली तर एक जादा. बदामानं जीव भरतो, विजेनं हिरव्या ठोकळ्या मिळतात आणि ठोकळ्या देऊन कार्डं घेता येतात. आई त्या ठोकळ्यांना वाटाणे म्हणते. दोन वाटाणे टाकले की मांडलेली तिन्ही कार्डं बदलून मिळतात, हे कळल्यावर तर तिचा मंडईतला आवाजच लागला. "ही शिळी दिसतीय, दुसरी काढ."

पण खरी गंमत पटाच्या मधोमध, टोकियोत. आत शिरलं की एक गुण, आपली पाळी पुन्हा येईपर्यंत तग धरला की आणखी दोन. आतला पंजा मारतो तेव्हा बाहेरच्या सगळ्यांना लागतं आणि बाहेरच्यांचे सगळे पंजे आतल्यावर. शिवाय आत असेपर्यंत बदाम चालत नाहीत. मार खाल्ल्यावर बाहेर पडायची मुभा असते. मग मारणाऱ्याला आत जावंच लागतं. माझ्या लेकीनं पहिल्याच डावात टोकियोला आमच्या सात रस्ता चौकाचं नाव दिलं. पाच जण खेळत असले की शेजारी टोकियोचा उपसागरही उघडतो, तो आमचा कंबर तलाव.

आईनं पेंग्विन घेतला ("बिचारा, सोलापूरच्या उन्हात कसा राहील?"), मी डायनासोर. रात्री जेवणं झाल्यावर चौथा डाव रंगला. माझे सतरा गुण, चार जीव, आणि मी सात रस्त्यावर. बायको तलावात. पाळी एकदा फिरून आली की माझे एकोणीस, मग तीन एक्के पडले तरी जिंकलो. लेकीनं दोन पंजे मारले. उरले दोन जीव.

"बाबा, निघताय का?"

"छट्."

भाच्याला पंजा पडला नाही. मग आई. पहिल्या दानात एक पंजा, तो तिनं बाजूला ठेवला. दुसऱ्यात नुसते आकडे. तिसऱ्यात पाचही फासे मुठीत घोळवून टाकले. चार काळ्यांवर काहीच नाही, पांढरा गरगरत पानाच्या डब्याला टेकला. चार.

डायनासोर खोक्यात. चौघंच उरल्यामुळं तलावही बंद, म्हणून बायको माझ्यावर वेगळी चिडली.

मेल्यावर वेळच वेळ असतो, म्हणून हिशेब केला. एका फाशावर तीन दानांत पंजा मिळायची शक्यता 216 त 91. सहा फासे, म्हणजे पंजाच्या मागं लागलेल्या माणसाला सरासरी अडीच पंजे. बाहेर तिघं, म्हणजे फेरीला साडेसात. आणि सुताच्या दुकानात दिवसभर हिशेब लिहिणारा मी चार जिवांवर बसून होतो! हा खेळ 2011 साली आणणारे रिचर्ड गारफिल्ड गणिताचे प्राध्यापक होते, हे भाच्यानं नेमकं तेव्हाच सांगितलं.

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती आत जाते, एक गुण घेते आणि पहिल्या फटक्याला बाहेर. "एक मिळाला की. आता कशाला मार खाऊ?" मग बाहेर बसून तिऱ्या जमवते. तो डाव तिनंच काढला.

पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी हौद तळाला आला. मी बादली लावून आत उतरलो, कोपऱ्यातल्या गाळात फासा सापडला. धुतला, पुसला, भाच्याच्या हातावर ठेवला. त्याची स्वारी खूश. संध्याकाळी सहाही काळे फासे पटावर मांडले.

आईची पाळी आली. तिनं त्यातला एक उचलून भाच्याकडं सरकवला आणि पदराच्या गाठीतून लुडोचा काढला.