इकोस्प्रिन चालू असताना त्वचेवरची शस्त्रक्रिया: रक्त कुठून येतं आणि ते कसं थांबवायचं

डोक्यावरची गाठ, गालावरचा बरा न होणारा व्रण, पाठीवरचा लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ. पेशंट साठीच्या पुढचा, स्टेंट बसवलेला आणि रोज ॲस्पिरिन (इकोस्प्रिन) घेणारा. अशा वेळी ‘चार दिवस आधी रक्त पातळ करायची गोळी बंद करा’ असं सांगून मोकळं व्हायची सवय अजूनही पुष्कळ दवाखान्यांत आहे. ती सुटायला हवी, असं आम्हांला मनापासून वाटतं. त्वचेतून येणारं रक्त डोळ्यांना दिसतं, बोटाने दाबता येतं, दोऱ्याने बांधता येतं. स्टेंटमध्ये झालेली गुठळी यांपैकी काहीच करू देत नाही, आणि तिच्यामुळे पेशंट जिवाला मुकू शकतो.

शिवाय त्या चार दिवसांनी फारसं काही साधतही नाही. ॲस्पिरिनचा परिणाम झालेली प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारी पेशी) मरेपर्यंत तशीच राहते, आणि तिचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल या प्लेटलेटवरच्या दुसऱ्या गोळ्यांचंही असंच. टिकाग्रेलोर मात्र प्लेटलेटला सोडून देतं, त्याचा परिणाम ३ ते ५ दिवसांत जातो. म्हणूनच त्याचे डोस चुकवणं नव्या स्टेंटला जास्त लवकर भोवतं.

त्यामुळे हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघातासाठी चालू असलेली एक गोळी त्वचेच्या शस्त्रक्रियेसाठी बंद करायची नाही. ॲस्पिरिन आणि वरच्यांपैकी दुसरी अशा दोन गोळ्या एकत्र चालू असतील तर रक्तस्राव खरोखरच वाढतो. तिथे प्रश्न असा विचारायचा: हे काम आत्ताच करायला हवं का? हार्ट अटॅकनंतर दोन्ही गोळ्या सहसा १२ महिने असतात. लायपोमा तोवर थांबू शकतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा किंवा मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर थांबू शकत नाही, तो दोन्ही गोळ्या चालू ठेवून काढायचा. कुठलाही हृदयविकार नसताना, केवळ खबरदारी म्हणून कोणी ॲस्पिरिन घेत असेल, तर फिजिशियनला विचारून ती ७ ते १० दिवस आधी थांबवता येते. बरेचदा तिची मुळात गरज होती का, हाही प्रश्न त्या निमित्ताने निघतो.

पेशंटला ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं नुसतं विचारून भागत नाही. पाकिटं घेऊन यायला सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असलेली औषधं सर्रास दिली जातात, आणि पेशंट तिला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतो. गुडघ्यासाठी केमिस्टकडून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, फिश ऑइल, गिंको, लसणाच्या कॅप्सूल हेही विचारा. हे आठवडाभर आधी बंद करायला हरकत नाही, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं.

बीटी-सीटीचा (रक्त थांबायला आणि गोठायला लागणाऱ्या वेळेचा) रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲस्पिरिन चालू असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो, आणि वाढलेला आला तरी जखम किती वाहील हे त्यावरून कळत नाही. आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी वॉर्फेरिन किंवा ॲसिट्रोम या वेगळ्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी. प्लेटलेटच्या गोळ्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

त्यापेक्षा बीपी मोजा. ‘ऑपरेशन आहे’ म्हणून पेशंट उपाशीपोटी येतो, सकाळची बीपीची गोळीही घेत नाही आणि टेबलावर १८०/१०० निघतं. जागेवर भूल देऊन होणाऱ्या कामाला उपाशी राहायची गरज नाही, हे आदल्या दिवशीच सांगा. एवढं बीपी असेल आणि काम तातडीचं नसेल तर पुढची तारीख द्या.

भुलेसाठी २ टक्के लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या दोन लाखांत एक ॲड्रेनालिनसह. किलोमागे ७ मिलिग्रॅम या कमाल मात्रेने ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली होतात. हृदयरोग्याला मात्र ॲड्रेनालिनचाही हिशेब ठेवावा. दंतवैद्य अशा पेशंटसाठी ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळतात, ती इथेही धरली तर ८ मिलीच्या आत राहायला हवं. टोचण्याआधी पिस्टन मागे ओढून बघा. मग थांबा. त्वचा बधिर व्हायला दोन मिनिटं लागतात, पण रक्तवाहिन्या नीट आवळायला निदान १० ते १५ मिनिटं. घाईने चीर दिली तर ॲड्रेनालिनचा अर्धा फायदा हातचा जातो.

आता मुख्य गोष्ट, कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने वाहिनी बंद करणं. साचलेल्या रक्तात टोक बुडवून पायाचं पेडल दाबत राहिलं की करंट रक्तात पसरतो, वाहिनी उघडीच राहते आणि भोवती कोळसा तेवढा वाढतो. तो जळालेला भाग पुढे कुजतो, जंतुसंसर्गाला जागा देतो. गॉज पुसू नका, पुसल्याने नुकती बसलेली गुठळी निघते. गॉज दाबा आणि एका कडेने हळूहळू गुंडाळत उचला. रक्ताचा पहिला ठिपका जिथे दिसेल तिथे बारीक फोरसेप्सने (चिमट्याने) धरा आणि फोरसेप्सला कॉटरी लावा. मिलिमीटरहून मोठी, उडणारी वाहिनी ४-० व्हिक्रिलने (विरघळणाऱ्या दोऱ्याने) बांधलेली बरी. पेसमेकर असेल तर बायपोलर कॉटरी वापरा, तिचा करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो.

रक्त बहुधा जखमेच्या तळातून येत नाही, कडेखालची त्वचा खालच्या थरापासून सोडवली तिथून येतं. स्किन हुकने कड उचलून पूर्ण खालची बाजू बघा. त्वचा गरजेपुरतीच सोडवा. प्रत्येक जादा सेंटिमीटर म्हणजे रक्त साचायला नवी जागा. झिरपत राहिलं तर गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमध्ये भिजवलेला गॉज ५ ते १० मिनिटं दाबून ठेवता येतो. टाके घालण्याआधी पेशंटला उठून बसायला आणि खोकायला सांगा. आडवं असताना कोरडी दिसणारी जखम बसल्यावर वाहू लागते.

डोक्यावरच्या त्वचेची (टाळूची) गोष्ट वेगळी. तिथल्या वाहिन्या घट्ट तंतूंना चिकटलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर त्या आकसून मिटत नाहीत, उघड्याच राहतात. प्रत्येक ठिपक्यामागे कॉटरी घेऊन धावलात तर केसांची मुळं जळतात. त्यापेक्षा ३-० नायलॉनचा पूर्ण जाडीचा, लॉक केलेला सलग टाका घाला, तोच बहुतेक रक्त थांबवतो. लायपोमाची पोकळी आतल्या टाक्यांनी मिटवा. मिटत नसेल तर निर्जंतुक ग्लोव्हची पट्टी निचऱ्यासाठी २४ तास ठेवा. स्किन ग्राफ्टखाली (दुसरीकडून आणून लावलेल्या त्वचेखाली) रक्त साचलं तर ग्राफ्ट तळाला चिकटतच नाही. म्हणून त्याला बारीक चिरा द्या आणि वरून गॉजचा गोळा बांधून दाब ठेवा.

काम शक्यतो सकाळी घ्या. ॲड्रेनालिनचा परिणाम दोनतीन तासांत ओसरतो आणि मिटलेल्या वाहिन्या पुन्हा उघडतात. संध्याकाळी पाचला टाके घातलेला पेशंट रात्री गावी पोचल्यावर वाहू लागला, तर जवळपास कोणी नसतं. बाहेरगावच्या पेशंटला दोनतीन तास बसवून ठेवा.

पट्टी अशी: पॅराफिन गॉज, त्यावर घडी केलेला जाड गॉज, त्यावर ताणून लावलेलं डायनाप्लास्ट (ताणली जाणारी चिकटपट्टी), २४ ते ४८ तास. बोटाला मात्र ते गोल आवळू नका, रक्तपुरवठा थांबतो.

घरच्यांना हे लेखी द्या. पट्टी लाल झाली तर ती सोडायची नाही. वरून स्वच्छ रुमालाची घडी ठेवून तळव्याने, घड्याळ लावून, २० मिनिटं सलग दाबायचं. मध्ये उचलून बघायचं नाही. हळद किंवा कॉफी भरायची नाही, जखमेत घाण जाते आणि रक्त कुठून येतंय ते दिसेनासं होतं. थांबलं नाही तर पुन्हा दाबत दवाखान्यात. दोन दिवस खाली वाकणं, पाण्याची बादली उचलणं, दारू बंद. चेहऱ्याचं काम असेल तर दोन उशा घेऊन झोपायचं. रोजची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची.

पापणीच्या कामानंतर डोळा जोरात दुखू लागला, पुढे आला किंवा दिसणं कमी झालं, तर फोनवर सल्ला देत बसू नका. डोळ्यामागे रक्त साचत असेल तर मिनिटांचा प्रश्न असतो. टाके लगेच सोडून दाब मोकळा करावा लागतो, गरज पडल्यास डोळ्याचा बाहेरचा कोपराही कापावा लागतो.

इतर ठिकाणी पहिल्या दिवशी जखम टणक, जांभळी, ठणकणारी आणि वाढत जाणारी दिसली तर दोनतीन टाके काढा, गुठळी बाहेर काढा, सलाइनने धुवा, वाहिनी शोधा. बरेचदा एकही वाहिनी सापडत नाही, नुसतं झिरपणं असतं. दाब द्या, निचरा ठेवा, पुन्हा शिवा. दोनतीन दिवसांनी आलेला, न वाढणारा लहान फुगा मात्र उगीच उघडू नका. तेव्हा गुठळी जेलीसारखी घट्ट असते आणि सुईत येत नाही. ७ ते १० दिवसांत ती पातळ होते, मग १८ नंबरच्या सुईने ओढून घेता येते.